गाव बदलले, नाते नाही

(उच्च शिक्षणासाठी अमेरिकेस निघालेल्या विद्यार्थिनी आणि त्यांचे पालक यांच्या मेळाव्यात एका निवृत्त शिक्षिकेने दिलेल्या व्याख्यानाचे हे शब्दांकन.)



अमेरिकेतील महाविद्यालयांत मुलींच्या ज्या ‘सोरॉरिटी’ नावाच्या संस्था असतात, त्यांच्याविषयी मी बोलावे, अशी संयोजकांची सूचना होती. मी आयुष्यभर येथील शाळेत भाषा शिकवली. अमेरिकेत राहिले ते लेकीच्या घरी, सहा-सहा महिन्यांच्या मुक्कामाने. तेव्हा या विषयातील माझा अधिकार काय, असा प्रश्न आपल्या मनात येईल. माझा अधिकार एवढाच, की माझी नात अशा एका संस्थेची सदस्या झाली, नंतर तिला महाविद्यालय बदलावे लागले, आणि त्या बदलात तिची जी ओढाताण झाली ती मी जवळून पाहिली. त्यानिमित्ताने वाचन झाले, चौकशा झाल्या. त्यातले थोडे आपल्यासमोर ठेवते.

प्रथम शब्दाविषयी. लॅटिन भाषेत बहिणीला ‘सोरोर’ म्हणतात. आपल्या संस्कृतातील ‘स्वसृ’ आणि हा ‘सोरोर’ एकाच मुळाचे, असे भाषाशास्त्र सांगते. भावाला तिकडे ‘फ्रातेर’, आपल्याकडे ‘भ्रातृ’. मराठीने ‘भगिनी’वरून ‘बहीण’ घेतली आणि ‘स्वसा’ पोथीत राहिली; पण महासागरापलीकडे तीच स्वसा वसतिगृहाच्या दारावरील पाटीवर भेटली तेव्हा मला गंमत वाटली. एरवी या संस्थांची ग्रीक अक्षरांची नावे ऐकून मला प्रथम बीजगणिताची सूत्रेच आठवली होती!

परकेपणातून जन्म

या संस्था का निघाल्या, हे समजून घेतल्याशिवाय त्यांतील निष्ठेचा अर्थ कळणार नाही. १७७६ मध्ये व्हर्जिनियातील विल्यम अँड मेरी महाविद्यालयात ‘फाय बीटा कापा’ ही ग्रीक अक्षरांची पहिली संस्था निघाली, ती अर्थातच मुलांची. जॉर्जिया राज्यातील मेकन येथे मुलींच्या वेस्लियन महाविद्यालयात १८५१ आणि १८५२ मध्ये दोन मंडळे स्थापन झाली. त्यांचीच रूपांतरे आज अल्फा डेल्टा पाय आणि फाय म्यू या नावांनी ओळखली जातात. पुढे मुलांच्या महाविद्यालयांची दारे मुलींना उघडली, तेव्हा वर्गात मूठभर मुली आणि भोवती सारे पुरुष, असे दृश्य होते. इंडियाना राज्यातील आजच्या डिपॉ विद्यापीठात बेटी लॉक नावाची विद्यार्थिनी होती. मुलांच्या एका संस्थेने तिला आपले पदक देऊ केले, पण सदस्यत्व देण्याची तयारी दाखवली नाही. सदस्यत्वाविना पदक नको, असे सांगून तिने १८७० मध्ये स्वतःचीच संस्था काढली, असे त्या संस्थेच्या इतिहासात सांगतात. ती कापा अल्फा थीटा. ‘सोरॉरिटी’ हा शब्द तोवर या संस्थांना लावला जात नव्हता. १८७४ मध्ये सिरॅक्यूज विद्यापीठात निघालेल्या गॅमा फाय बीटा या संस्थेसाठी तेथील लॅटिनचे प्राध्यापक फ्रँक स्मॉली यांनी तो सुचवला.

म्हणजे परकेपणा सोसणाऱ्या मुलींनी एकमेकींना दिलेला हा आधार होता. चैनीचा क्लब हे रूप नंतरचे, आणि ते रूप आलेच नाही असे मी म्हणणार नाही. ज्या संस्था परकेपणातून जन्मल्या, त्यांनीच पुढे इतरांना परके केले. कृष्णवर्णीय मुलींना दारे बंद होती. म्हणून वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात १९०८ मध्ये अल्फा कापा अल्फा आणि १९१३ मध्ये डेल्टा सिग्मा थीटा या संस्था निघाल्या. स्थापनेला दोन महिनेही झाले नसताना, ३ मार्च १९१३ रोजी, डेल्टा सिग्मा थीटाच्या मुली स्त्रियांच्या मताधिकारासाठी निघालेल्या वॉशिंग्टनमधील मोर्चात चालल्या. १९०९ मध्ये न्यूयॉर्कच्या बर्नार्ड महाविद्यालयात ज्यू मुलींनी अल्फा एप्सिलॉन फाय ही आपली संस्था काढली. अलाबामा विद्यापीठात तर अगदी २०१३ मध्येही वर्णावरून प्रवेश नाकारल्याचे प्रकरण तेथील विद्यार्थ्यांच्याच वृत्तपत्राने उघडकीस आणले. हे सारे ठाऊक असू द्यावे. कोणतीही वस्तू परदेशातून आली म्हणून डोक्यावर घेऊ नये आणि त्याच कारणाने पायदळीही तुडवू नये.

मिसिसिपीच्या पलीकडे

आता मुख्य विषय. एका महाविद्यालयात भगिनी झालेली मुलगी दुसऱ्या महाविद्यालयात गेली, तर तिचे नाते टिकते का?

याचे सर्वांत सुंदर उत्तर मला फार जुन्या काळात सापडले. इलिनॉय राज्यातील मन्मथ या छोट्या गावातील महाविद्यालयात (हो, उच्चार जवळजवळ आपल्या मन्मथासारखाच आहे, पण मदनाशी त्याचा संबंध नाही!) १८६७ च्या एप्रिलमध्ये बारा मुलींनी ‘आय. सी. सोरोसिस’ ही संस्था स्थापन केली. तिचेच नाव १८८८ मध्ये पाय बीटा फाय झाले. त्या बाराजणींपैकी लिबी ब्रुक ही पुढच्याच वर्षी मिसिसिपी नदीच्या पलीकडे, आयोवा राज्यातील माउंट प्लेझंट येथील आयोवा वेस्लियन महाविद्यालयात दाखल झाली. तिथे तिची एकही भगिनी नव्हती. तिने काय केले? १८६८ च्या डिसेंबरात तिथे दुसरी शाखा उभी केली.

पुढची कथा अधिकच बोलकी आहे. मन्मथ महाविद्यालयाने नंतर अशा संस्थांना बंदी घातली आणि १८८० च्या दशकात मूळची शाखा बंद पडली. ती पुन्हा सुरू झाली १९२८ मध्ये. मधल्या चार दशकांत मुळाचे झाड नव्हतेच. पण एका मुलीने नदीपलीकडे नेलेली फांदी रुजली होती, तिच्या फांद्यांना फांद्या फुटल्या होत्या. महाविद्यालय बदलणारी एक विद्यार्थिनी नसती, तर ती संस्था गावापुरतीच राहिली असती आणि गावातच संपली असती.

आणि याच माउंट प्लेझंटमध्ये १८६९ च्या जानेवारीत सात मैत्रिणींनी ‘पी. ई. ओ.’ नावाची वेगळी संस्था काढली. लिबीच्या शाखेत त्यांच्यातील काहींनाच बोलावणे होते, सर्वांना नव्हते, म्हणून सातजणींनी मिळून आपली स्वतंत्र चूल मांडली, अशी आख्यायिका आहे. ती संस्था पुढे महाविद्यालयाबाहेर पडून गावोगावच्या गृहिणींची झाली आणि मुलींच्या शिक्षणाला साहाय्य करू लागली. १९२७ मध्ये तर मिसूरीतील कॉटी महाविद्यालयच तिच्या स्वाधीन झाले. आयोवा वेस्लियन महाविद्यालय मात्र २०२३ मध्ये आर्थिक अडचणींमुळे कायमचे बंद पडले. इमारतींना कुलूप लागले. तिथे जन्मलेली पी. ई. ओ. आजही चालू आहे.

माझ्या नातीची गोष्ट

आता घरची हकीकत. नावे सांगत नाही. ती आवश्यकही नाहीत.

१९९८-९९ च्या सुमारास अमेरिकेतील भारतीय वंशाच्या मुलींनी स्वतःच्या संस्था काढल्या. ह्यूस्टन विद्यापीठात डेल्टा फाय ओमेगा, ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात कापा फाय गॅमा, न्यूयॉर्कच्या सेंट जॉन्स विद्यापीठात सिग्मा सिग्मा रो, टेक्सास ए अँड एम विद्यापीठात डेल्टा कापा डेल्टा. अवघ्या वर्षभराच्या अंतराने चार संस्था निघाव्यात, यावरूनच त्या पिढीची निकड कळते. घरी मराठी, तेलुगू वा गुजराती आणि वर्गात इंग्रजी. घरात दिवाळी आणि बाहेर थँक्सगिव्हिंग. या दोन जगांमधल्या उंबरठ्यावर उभ्या राहिलेल्या मुलींना उंबरठ्यावरच्याच मैत्रिणी हव्या होत्या.

माझी नात २०१६ मध्ये अशाच एका संस्थेत गेली. मला ते मुळीच आवडले नव्हते. अभ्यास सोडून हे काय गुप्त विधी, पिना आणि घोषणा, असे मी तिला दूरध्वनीवर ऐकवले. ती हसून म्हणाली, “आजी, तुमच्या भगिनी मंडळासारखेच आहे ते. फक्त हळदीकुंकू नाही.” पुढच्याच वर्षी जावयांची नोकरी गेली आणि दुसरी मिळाली ती दूरच्या राज्यात. मोठ्या विद्यापीठाचा खर्च झेपेना. तिला नव्या घराजवळच्या लहानशा महाविद्यालयात जावे लागले. तिथे तिच्या संस्थेची शाखा नव्हती.

त्या हिवाळ्यात मी तिथेच होते. तिची ग्रीक अक्षरांची पिन एका डबीत घालून तिने कपाटाच्या तळाशी ठेवलेली मी पाहिली. एके रात्री ती म्हणाली, “मी तिथली राहिले नाही आणि इथली झाले नाही.” हे वाक्य मी पूर्वी ऐकले होते. माझ्या आईच्या तोंडी! लग्नानंतर पहिल्या वर्षी माहेरचे अंगण सुटलेले आणि सासरच्या माजघरात जागा न झालेली, त्या दिवसांविषयी आई असेच सांगे. सातासमुद्रापलीकडे, जीन्स घातलेल्या मुलीच्या तोंडून तेच दुःख ऐकताना माझा सारा विरोध गळून पडला.

तिने केंद्रीय कार्यालयाला पत्र लिहून विचारले, माझे स्थान आता काय? उत्तर आले, की तू आमची भगिनी आहेस आणि आजन्म राहशील. परंतु शाखा नसल्याने तुला मत नाही आणि पदही नाही. “म्हणजे नाव आहे, काम नाही,” ती म्हणाली. मी आपल्या शिक्षकी बाण्याने सांगितले, काम कोणी दिले नाही तर मागून घ्यावे. कार्यालयाकडून तिने त्या परिसरात राहणाऱ्या माजी सदस्यांची नावे मागवली. तीन-चारजणी निघाल्या. एक दंतवैद्य, एक शाळेत शिकवणारी, एक नुकतीच आई झालेली. महिन्यातील एका रविवारी त्या भेटू लागल्या. जुन्या शाखेचा हिशेब आणि वार्तापत्र तिने दूर बसून सांभाळण्याचे काम मागितले. तिथल्या मुलींना ते कंटाळवाणे वाटत होते, त्यांनी आनंदाने दिले.

२०१८ च्या पावसाळ्यात, म्हणजे आपल्याकडच्या पावसाळ्यात, तिचे आंत्रपुच्छाचे ऑपरेशन अचानक करावे लागले. लेक आणि जावई तेव्हा येथे भारतात, माझ्या आजारपणासाठी आलेले. मुलगी एकटी. आमच्या घरात दूरध्वनीभोवती बसलेल्या माणसांची त्या रात्री काय अवस्था होती, ते मी सांगू शकत नाही. त्या शिक्षिकेने रात्र रुग्णालयातल्या खुर्चीत बसून काढली. दर तासाला तिचा निरोप येई. सकाळी जुन्या शाखेतील दोन मुली गाडी चालवत येऊन पोचल्या. त्या रात्रभर रस्त्यावर होत्या. त्यांच्यापैकी एकीला माझी नात जेमतेम ओळखत होती.

दुसरा अनुभवही सांगितला पाहिजे. नातीची एक मैत्रीण एका मोठ्या, जुन्या संस्थेची सदस्या. तीही महाविद्यालय बदलून गेली आणि तिच्या नव्या महाविद्यालयात तिच्या संस्थेची भरभक्कम शाखा होती. विधी तेच, गीते तीच, पिन तीच. ती मोठ्या आशेने गेली. मुली गोड बोलल्या. पण जेवणाच्या टेबलावर जागा आधीच ठरलेल्या, थोरल्या-धाकट्या बहिणींच्या जोड्या आधीच जुळलेल्या. वर्षभरात ती सुटली. दार उघडे होते, पण कुणी उठून जागा दिली नाही. नातीला शाखा नसताना जे मिळाले, ते या मुलीला शाखा असून मिळाले नाही. याचा सारा दोष त्या मुलींना देऊन मोकळे होता येणार नाही. तिनेही तिथे पाहुणीसारखी वाट पाहिली, असे ती स्वतःच नंतर म्हणाली.

नियमांचे थोडे

पालक टिपणे काढायला बसले आहेत, म्हणून व्यवहाराचेही सांगते. मुलींच्या सव्वीस संस्थांची ‘नॅशनल पॅनहेलेनिक कॉन्फरन्स’ ही महापरिषद १९०२ पासून आहे. तिच्यातील संस्थांचा दंडक असा, की एकदा दीक्षाविधी झाला की ती मुलगी त्याच संस्थेची. महापरिषदेतील दुसऱ्या संस्थेत तिला जाता येत नाही, मग ती कोणत्याही महाविद्यालयात जावो. म्हणून दीक्षेपूर्वीच विचार करावा. महाविद्यालय बदलण्याची शक्यता दिसत असेल, तर जिथे जाणार तिथे त्या संस्थेची शाखा आहे का, हे आधी पाहावे.

नव्या ठिकाणी शाखा असेल तर तिच्याशी संलग्न होता येते. त्यासाठी जुन्या शाखेची वर्गणी चुकती असावी लागते आणि सदस्यत्व निर्दोष असल्याचा दाखला लागतो. काही संस्थांत संलग्नता सहज होते, काहींत नवी शाखा निर्णय घेते. शाखा नसेल, तर बहुधा माजी सदस्यांच्या वर्गात नोंद होते आणि शहरातील माजी सदस्यांच्या मंडळात जाता येते. प्रत्येक संस्थेचे नियम निराळे. केंद्रीय कार्यालयाला विचारावे, मैत्रिणींच्या ऐकीव माहितीवर विसंबू नये. सत्र सुरू होण्यापूर्वीच नव्या शाखेला पत्र लिहावे. गर्दीत जाऊन ओळख सांगण्यापेक्षा ते बरे.

खर्चही लक्षात घ्या. वर्गणी असते, घरात राहिल्यास भाडे असते, आणि महाविद्यालय बदलताना पूर्वी मिळवलेली सर्वच श्रेयांके नवे महाविद्यालय मान्य करील असे नाही. त्यामुळे अभ्यासाचा भार वाढतो. अशा सत्रात संस्थेचे काम थोडे कमी घ्यावे, आणि तसे मोकळेपणाने सांगावे. येथून विद्यार्थी व्हिसावर जाणाऱ्या मुलींनी तर सर्वांत आधी आपली ‘सेव्हिस’मधील नोंद नव्या महाविद्यालयाकडे रीतसर वर्ग करून घ्यावी. भगिनी थांबतील, व्हिसा थांबत नाही! छळाचा वा मद्याचा आग्रह कोणी केला तर तिथून निघावे. छळ करणाऱ्याला बहीण म्हणण्याचे बंधन कोणत्याही नियमात नाही.

आपल्यापैकी बहुतेकजणी पदव्युत्तर शिक्षणासाठी निघाल्या आहेत. या संस्था प्रामुख्याने पदवीच्या विद्यार्थिनींच्या. तेव्हा तुमच्यापैकी थोड्याच त्यांत जाल. मग मी एवढे का सांगितले? कारण गाव तुम्हीही बदलणार आहात, काहीजणी दोनदा-तीनदा.

येथे मला आनंदीबाई जोशी आठवतात. १८८३ मध्ये त्या एकट्या अमेरिकेस पोचल्या, फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या. न्यू जर्सीतील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाईंशी त्यांचा आधी केवळ पत्रव्यवहार होता. त्या बाईंनी त्यांना घरी ठेवून घेतले, आणि आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. स्वदेशी परतल्यावर अल्पावधीत, १८८७ च्या फेब्रुवारीत, आनंदीबाई गेल्या. त्यांचा रक्षाकलश कार्पेंटरबाईंकडे पाठवला गेला आणि त्यांनी तो न्यूयॉर्क राज्यातील पोकिप्सी येथे आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवला. कोणतीही अक्षरे नव्हती, कोणतीही पिन नव्हती.

२०२० च्या मार्चमध्ये सारी महाविद्यालये बंद झाली, तेव्हा एक विलक्षण गोष्ट घडली. नातीच्या जुन्या शाखेतील सर्वच मुली आपापल्या घरी विखुरल्या आणि बैठका संगणकाच्या पडद्यावर होऊ लागल्या. दूर असणे म्हणजे काय, हे आता प्रत्येकीला कळले. अडीच वर्षे दूर राहून काम कसे करावे, हे ठाऊक असलेली त्यांच्यात एकच होती. पहिल्या बैठकीची सूत्रे त्यांनी तिच्याकडेच दिली. पदवीदान समारंभ झाला नाही. दंतवैद्य बाई तोंडाला पट्टी बांधून आमच्या लेकीच्या अंगणात येऊन उभ्या राहिल्या आणि दुरूनच टाळ्या वाजवून गेल्या.

नात आता नोकरी करते. गेल्या ऑगस्टमध्ये मी तिच्याकडे होते. एका अनोळखी मुलीचा फोन आला. दुसऱ्या राज्यातून तिच्या गावच्या महाविद्यालयात बदलून येत होती, त्याच संस्थेची, आणि येथे शाखा नाही असे कळल्याने रडवेली झालेली. नातीने तिची बस किती वाजता येते ते विचारून घेतले. मग मला म्हणाली, “आजी, पोळ्या थोड्या जास्त लाट. आणि ती जाड चादर कुठे ठेवली आहेस?” कपाट उघडताना ती डबी दिसली नाही. पिन तिच्या अंगावर होती.